जुन्या सायकलीस नवे भाग

आमच्या शाळेच्या आवारांत चिंचेच्या झाडाखालीं ज्या सायकली रोज सकाळीं ओळीनें उभ्या राहतात, त्यांत यंदा एक निळ्या रंगाची, कृश अंगाची व मेंढ्याच्या शिंगांप्रमाणें खालीं वळलेल्या हँडलाची सायकल वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. मधल्या सुटींत तिच्याभोवतीं मुलांचा घोळका जमतो आणि ही किती जुनी, हिचे भाग कोठें मिळतात, असे प्रश्न विचारले जातात. ती इयत्ता नववींतील एका विद्यार्थिनीची असून त्या मुलीचे आजोबा हे आमचे मामा होत. सायकलीच्या दुरुस्तींत आमचा हात होता, व सांगावयास संकोच वाटतो कीं, तिच्या नासाडींतहि होता. तेव्हां या प्रश्नांचें उत्तर देण्याचें काम आमच्याकडे आलें हें रास्तच झालें.

मामा १९७३ सालीं शिक्षणासाठीं फ्रान्स देशांत ग्रेनोबल येथें गेले होते. तेथें त्यांनीं प्यूजो कंपनीची दहा गतींची सायकल विकत घेतली, आणि परत येतांना ती सुटी करून पेटींत भरून समुद्रमार्गें मुंबईस आणली. प्यूजो हें नांव आज लोकांस मोटारींमुळें ठाऊक आहे. परंतु या घराण्यानें सायकली करण्यास १८८२ सालींच आरंभ केला होता. मामा त्या सायकलीवरून वीस वर्षें कारखान्यांत गेले. पुढें गुडघे दुखूं लागले व सायकल माळ्यावर चढली. गेल्या दिवाळींत घर रंगवावयास काढलें तेव्हां भंगारवाल्यानें तिची किंमत किलोच्या भावानें सांगितली. मामा कांहीं बोलले नाहींत, पण नात म्हणाली, "आजोबा, मी चालवूं का ही?" आणि सौदा मोडला. मामांनीं आमच्याकडे वळून म्हटलें, "अरे, तूं विज्ञान शिकवतोस ना? मग हिला चालती कर. माझ्या पंचाहत्तराव्या वाढदिवशीं पोरगी हिच्यावर बसून फाटकांतून आंत येतांना मला पाहायची आहे." वाढदिवसास सात आठवडे होते. आम्हांस ते पुष्कळ वाटले.

कामास लागतांच जें पहिलें वाक्य कानीं आलें तें असें: "साहेब, इतक्या जुन्या सायकलीचें सामान आतां येत नाहीं." चार दुकानांत हेंच ऐकल्यावर आम्हांसहि तें खरें वाटूं लागलें. परंतु थोडा विचार केला असतां त्यांतील चूक ध्यानांत येते. खेड्यापाड्यांतून दूधवाले जी काळी, उंच, दांड्यांच्या ब्रेकची सायकल वापरतात, तिची घडण मूळची इंग्लंडांतील असून ती मामांच्या सायकलीहून किती तरी जुनी आहे. तरीहि तिचा कॉटर, तिचा कप, तिच्या ब्रेकचा दांडा कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं मिळतो. कारण त्या घडणीच्या सायकली आपल्या देशांत आजहि तयार होतात. उलट पक्षीं तिच्याहून तरुण अशी ही फ्रेंच सायकल मात्र निराधार! तेव्हां वय हा अडथळा नव्हे. सायकलीचीं मापें कोणत्या देशाच्या परंपरेंतलीं आहेत, आणि ती परंपरा आज जिवंत आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न होय.

आरंभ चाकांपासून केला, कारण सायकलींत सर्वांत आधीं रबर मरतें. दुकानदारानें चाकाकडे पाहून "अठ्ठावीस इंची" म्हणून एक टायर दिला. घरीं आणून चढविला, तों तो रिमवर असा सैल फिरूं लागला कीं, जणुं लहान मुलीच्या मनगटांत आजीची बांगडी. यांत दोष दुकानदाराचा नव्हता, इंचांच्या आंकड्याचा होता. हा आंकडा टायराच्या बाहेरील व्यासाचा केवळ अदमास असतो, आणि टायर जाड कीं बारीक यावर तो बदलतो. टायर रिमवर जेथें बसतो त्या बैठकीचा व्यास निराळाच असतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणें हा व्यास आतां टायराच्या अंगावर मिलिमीटरमध्यें छापतात. उदाहरणार्थ, आपल्या काळ्या सायकलीच्या टायरावर ४०-६३५ असें असतें; यांतील ४० ही टायराची रुंदी व ६३५ हा बैठकीचा व्यास. जुन्या इंग्रजी शर्यतीच्या सायकलींस 'सत्तावीस इंची' म्हणत, त्यांचा व्यास ६३०. मामांच्या सायकलीचा ६२२. म्हणजे आम्हीं आणलेला टायर तब्बल तेरा मिलिमीटर मोठा होता. ज्यांस जुन्या सायकलीचा टायर घ्यावयाचा असेल त्यांनीं इंच विसरावे, आणि जुन्या टायरावर हा तीन आंकडी व्यास छापला असेल तर तो टिपून न्यावा.

येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. ६२२ हें माप फ्रेंच लोकांचें; त्यांनीं त्यास '७०० सी' असें नांव दिलें होतें. आज जगांतील बहुतेक शर्यतीच्या सायकली याच मापाच्या चाकांवर धांवतात. इतकेंच नव्हे, तर डोंगरांतून चालविण्याच्या ज्या सायकलींस 'एकोणतीस इंची' म्हणतात त्यांची रिमहि ६२२ चीच असते. मामांच्या सायकलीचीं इतर पुष्कळ मापें काळाच्या ओघांत हरलीं, पण चाक जिंकलें. त्यामुळें टायर आम्हांस दुसऱ्या दिवशींच मिळाला. मात्र जुन्या पोलादी रिमच्या कांठास आंतून ती खांच नसते, जिच्यांत आजच्या टायराची कड अडकून राहते. म्हणून टायरावर छापलेला कमाल दाब अशा रिमवर भरूं नये. आम्ही सत्तर पौंडांवर थांबलों.

आतां आट्यांकडे वळूं, कारण आमच्या कथेचें मर्म तेथें आहे. स्क्रूच्या लगतच्या दोन आट्यांमधील अंतरास पिच म्हणतात. फ्रान्स हा मीटरचा देश. १७९५ सालच्या कायद्यानें तेथें दशमान मापें आलीं. इंग्लंड हा इंचांचा देश. म्हणून सायकलीच्या सांगाड्यांत, जेथें पायडलांचा आंस बसतो त्या आडव्या नळीस, फ्रेंच कारागिरांनीं ३५ मिलिमीटर व्यासाचे व १ मिलिमीटर पिचचे आटे पाडले, इंग्रजांनीं १.३७ इंच व्यासाचे, इंचास २४ याप्रमाणें पाडले. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिलिमीटर, आणि २५.४ ला २४ नीं भागिलें असतां इंग्रजी पिच १.०५८ मिलिमीटर येतो. व्यासांत फरक दोन दशांश मिलिमीटरांचा, पिचमध्यें सुमारें सहा शतांशांचा. डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं. पण पिचमधला फरक प्रत्येक फेऱ्यास सांचत जातो. दहा फेऱ्यांत तो अर्ध्या मिलिमीटराहून अधिक होतो, आणि येथें अर्धा मिलिमीटर म्हणजे अर्धा आटा! त्यामुळें इंग्रजी भाग फ्रेंच नळींत दोनतीन फेरे गोडीनें जातो, मग कुरकुरतो, आणि पुढें जोर केला कीं दोघांपैकीं जो मऊ असेल त्याचे आटे कापले जातात.

इतर देशांच्या तऱ्हाहि थोड्या नव्हत्या. इटलीनें व्यास ३६ मिलिमीटर घेतला आणि आटे मात्र इंचास २४ ठेवले. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीनें तर पुष्कळ वर्षें आपल्याच देशबांधवांशीं फटकून इंचास २६ आटे पाडले. आणि फ्रेंचांचा मीटरचा अभिमान तरी सर्वत्र कोठें टिकला? त्यांच्याच सायकलींत साखळीच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असतें व मधल्या नळींतील छर्रे पाव इंची. रोलरच्या साखळीचा जन्म १८८० सालीं हान्स रेनोल्ड यांच्या हातून मँचेस्टरास झाला. ती इंचांच्या देशांत जन्मली आणि इंचांतच राहिली. या एका मतैक्याचा लाभ आजहि होतो. पन्नास वर्षांच्या फ्रेंच सायकलीवर सहा-सात गतींसाठीं केलेली आजची साखळी निमूटपणें बसते, आणि छर्रे तर कोणत्याहि दुकानांत मुठीनें मिळतात.

आमची चूक झाली ती मधल्या नळीशीं. या नळीच्या दोन्ही बाजूंस एकेक कप स्क्रूनें बसविलेला असतो व त्यांत छर्रे फिरतात. उजवा कप कायमचा आवळलेला, डावा कमीजास्त करतां येण्याजोगा. दोहोंच्याहि आंतल्या अंगास खड्डे पडले होते, म्हणून ते बदलावयाचें ठरलें. आम्ही सायकल एका मिस्त्रींकडे नेली. हे गृहस्थ वयानें व अनुभवानें मोठे असून त्यांच्या हातावर आमचा विश्वास होता व आजहि आहे. त्यांनीं उजव्या कपास पाना लावून घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें जोर केला. कारण जन्मभर त्यांच्या हातांखालून गेलेल्या हजारों सायकलींत उजव्या कपाचे आटे उलटे होते. कप हलेना. पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवून तो लांब केला. आम्हीहि हात लावला. पाना निसटून कपाचे कोपरे तेवढे गोल झाले. वस्तुतः आम्ही त्यास सोडवीत नव्हतों, अधिकाधिक आवळीत होतों. फ्रेंच सायकलींत दोन्ही कपांचे आटे सुलटे असतात.

येथेंच थांबावयास हवें होतें. पण वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. डावा कप सुटला होता. त्याच्या जागीं बाजारांतील नवा कप बसतो कीं काय हें पाहण्याची घाई आम्हांसच झाली. तो दोनतीन फेरे गेला. "जातोय कीं!" असें उद्गार निघाले, ते आमचे होते, मिस्त्रींचे नव्हेत. चौथ्या फेऱ्यास जो आवाज झाला तो आम्ही विसरणार नाहीं. कप उलटा फिरवून बाहेर काढला, तेव्हां त्याच्याबरोबर लोखंडाची एक बारीक, चकचकीत, कुरळी तार बाहेर आली. ती तार म्हणजे नळीचे आटे होते.

मामांस सांगणें भाग होतें. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अरे, तिला इंग्रजी येत नाहीं. पन्नास वर्षें इथें राहिली तरी ती फ्रेंचच." असें म्हणून ते हंसले, परंतु त्या दिवशीं त्यांनीं सायकलीकडे पुन्हा पाहिलें नाहीं.

उजव्या कपाचे आटे इंग्रज लोक उलटे कां पाडतात, हा प्रश्न त्या रात्रीं आम्हांस पडला. तो आधीं पडता तर बरें झालें असतें. सायकल उजवीकडून पाहिली असतां तिचा आंस घड्याळाच्या दिशेनें फिरतो आणि त्याच्याबरोबर छर्रेहि कपाच्या आंत त्याच दिशेनें प्रदक्षिणा घालतात. जेथें छर्रा दाबतो तेथें कप नळीस टेकतो, आणि ही टेकण्याची जागा छर्र्यांबरोबर पुढें पुढें सरकते. कप नळीहून केसभर लहान असल्यामुळें तो नळीच्या आंत गडगडल्यासारखा होऊन उलट दिशेनें कणाकणानें फिरतो. घरीं प्रयोग करावयाचा असल्यास डब्याच्या झांकणांत, त्याहून किंचित लहान अशी बांगडी ठेवावी. बांगडीच्या आंतून एक पेन्सिल कडेशीं दाबून घड्याळाच्या दिशेनें लोळवीत न्यावी. पेन्सिल घासतां कामा नये, लोळली पाहिजे. बांगडी हळूहळू उलट्या दिशेनें सरकतांना दिसेल. उजव्या कपाचे आटे सुलटे असतील तर हीच उलट दिशा त्यास सोडविण्याची ठरते. म्हणून इंग्रजांनीं ते उलटे केले. फ्रेंचांनीं व इटालियनांनीं तें न करितां कप मन मानेल तितका घट्ट आवळण्यावर भिस्त ठेवली. स्विस कारागिरांनीं व्यास आणि पिच फ्रेंचांचे घेतले, पण उजवा कप इंग्रजांप्रमाणें उलटा केला. आणि मोतोबेकान ही मोठी फ्रेंच कंपनीहि पुढें या स्विस पद्धतीकडे गेली. म्हणजे सायकल फ्रान्सची आहे एवढ्यानेंहि निर्णय होत नाहीं. कपावर बहुधा '३५ × १' असा शिक्का असतो. परंतु फिरविण्याची दिशा ठरविल्याशिवाय पाना लावूं नये.

गोल झालेला उजवा कप कसा काढावा? येथें आम्हांस एका परक्या गुरूचा उपयोग झाला. अमेरिकेंत मॅसाच्युसेट्स राज्यांत शेल्डन ब्राउन (१९४४-२००८) नांवाचे एक सायकल-कारागीर होऊन गेले. ते दुकानांत काम करीत, आणि जुन्या सायकलींविषयीं जें जें त्यांस कळे तें सोप्या भाषेंत लिहून सर्वांस फुकट देत. त्यांनीं सांगितलेली युक्ति अशी: कपाच्या मधल्या भोंकांतून एक जाड बोल्ट घालावा, आंतून-बाहेरून वायसर लावावे, आणि नट आवळून कप त्यांच्या चिमटींत पकडावा. आमच्या कपास बोल्टाचें डोकें बाहेर व नट नळीच्या आंत ठेविला, आणि डाव्या बाजूनें लांब पाना आंत घालून नट आवळीत गेलों. डावीकडून घड्याळाच्या दिशेनें फिरविलेली वस्तु उजवीकडून पाहणाऱ्यास उलट फिरतांना दिसते. म्हणजे आपण नट आवळतों, आणि त्याच हालचालीनें चिमटींत सांपडलेला कप सुटूं लागतो! ज्यास दोघांच्या जोरानें व लोखंडी पाइपानें कांहीं झालें नव्हतें, तो कप एका संध्याकाळीं, "टक्" असा आवाज करून निघाला. सुलट्या आट्यांच्या कपासाठीं ही मांडणी. उलट्या आट्यांच्या कपास नट बाहेर ठेवून बाहेरूनच आवळावा लागतो.

कप निघाला, पण डाव्या बाजूच्या कापल्या गेलेल्या आट्यांचें काय? नळीचे आटे शाबूत असते तर मार्ग सोपा होता. कॅलिफोर्नियांतील फिल वुड ही कंपनी बंद छर्ऱ्यांचा एक संच करीत आली आहे. त्याच्या कड्या निराळ्या असतात व त्या इंग्रजी, इटालियन, फ्रेंच आणि स्विस अशा चारहि आट्यांच्या मिळतात. किंवा जुनेच कप साफ करून प्रत्येक बाजूस पाव इंची अकरा छर्रे व ताजें ग्रीस घातलें असतें तरी, खड्डे असूनहि, कांहीं वर्षें काम भागलें असतें. हें आम्हांस नंतर सुचलें. आटे बिघडलेल्या नळीसाठीं दोन उपाय उरतात. एक, नळी आंतून किंचित मोठी करून इटालियन मापाचे आटे पाडणें. हा शेवटचा उपाय, कारण कापलेलें लोखंड परत येत नाहीं. दुसरा, आट्यांवांचून बसणारा संच. त्याचे दोन्ही बाजूंचे भाग नळीच्या आंत एकमेकांत स्क्रू होतात आणि नळीस दोन्ही कडांनीं चिमटून धरतात; नळीच्या आट्यांशीं त्यांस कांहीं कर्तव्य नसतें. आम्हीं हा दुसरा उपाय निवडला. संच परदेशांतून मागवावा लागला.

तो वाढदिवसापूर्वीं आला नाहीं. वाढदिवशीं नात सायकल हातीं धरून, चालत फाटकांतून आंत आली. चाकें नवीं, रंग पुसून लखलखीत केलेला. पण ना क्रँक, ना पायडलें, मध्यें नुसती मोकळी नळी. मामांनीं टायर बोटानें दाबून पाहिला आणि "हवा ठीक आहे," एवढेंच म्हटलें. त्या दिवशीं आम्हांस श्रीखंड गोड लागलें नाहीं.

संच नऊ दिवसांनीं आला, आणि त्याबरोबर दुसरी गोष्ट कळली. एक भाग बदलला कीं त्याच्या शेजाऱ्यासहि बदलावें लागतें. जुना क्रँक आंसावर कॉटरनें बसत असे. नव्या आंसाचें टोंक चौकोनी व निमुळतें असतें, त्यावर तो बसत नाहीं. म्हणून क्रँक नवे. नव्या क्रँकांस ९/१६ इंची आटे, म्हणजे १४.३ मिलिमीटर, मामांच्या फ्रेंच पायडलांचा आंस १४ मिलिमीटर. तीं पायडलें नव्या क्रँकांत जातात, पण डगमगतात, आणि चढावर उभें राहून जोर करतांच आटे तोडून निघूं शकतात. म्हणून पायडलें नवीं. ज्यांचे जुने फ्रेंच क्रँक चांगले असतील त्यांनीं मात्र ते टाकूं नयेत. तीन दशांश मिलिमीटर अधिक कापून त्यांत ९/१६ इंची आटे पाडतां येतात, आणि हें काम कुशल कारागीर सहज करतो. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, एवढ्या बाबतींत तरी सर्व राष्ट्रांचें एकमत आहे.

मागील चाकाची गोष्ट थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे, कारण येथें पालकांचा पैसा फुकट जातो. पांच चक्रांच्या काळीं मागील चिमट्याची आंतील रुंदी १२० मिलिमीटर असे. सहा-सात चक्रांच्या काळीं १२६ झाली. आजच्या शर्यतीच्या चाकास १३० लागते, आणि चकतीचे ब्रेक असल्यास त्याहूनहि अधिक. उत्साहाच्या भरांत महागडें नवें चाक आणलें तर तें आंत शिरतच नाहीं. पोलादी सांगाडा जाणत्या हातानें दोन्ही बाजूंस सारखा वाकवून रुंद करतां येतो. अॅल्युमिनियमचा कदापि वाकवूं नये, तो तडकतो. आम्हीं मधला मार्ग घेतला. १२६ मिलिमीटरांचा, आट्यांवर फ्रीव्हील बसणारा हब घेतला. दोन्ही बाजूंस तीन-तीन मिलिमीटर चिमटा हातानें फांकविला कीं तो आंत जातो. या नव्या हबाचे आटे इंग्रजी असल्यामुळें सहा चक्रांचें फ्रीव्हील कोणत्याहि मोठ्या दुकानांत मिळालें. जुना फ्रेंच हब ठेविला असता तर त्याचे ३४.७ मिलिमीटरांचे आटे पुन्हा तोच घोळ घालते.

रिमहि शेवटीं बदलल्या. गुळगुळीत मुलामा दिलेली पोलादी रिम पावसांत भिजली कीं ब्रेक दाबूनहि सायकल पुढें घसरतच राहते, आणि आमची विद्यार्थिनी आषाढांतहि शाळेस येणार. अॅल्युमिनियमच्या रिमवर ओला ब्रेक पुष्कळ चांगला धरतो. पुढचा जुना हब छत्तीस भोंकांचा होता, त्यास तशी रिम सहज मिळाली. काळ्या सायकलींस पुढें बत्तीस व मागें चाळीस स्पोक असतात. तशा रिमा युरोपांत आतां दुर्मिळ, आपल्याकडे मात्र मुबलक. ब्रेक माफाक कंपनीचे होते व उत्तम होते. त्यांचे रबरी गट्टू गुळगुळीत दांडीचे लागतात, आटे असलेले चालत नाहींत. तसे गट्टू अमेरिकेंतील कूल-स्टॉप कंपनी करते. तारा तर जुन्या ठेवूंच नयेत.

साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारें सिंप्लेक्स कंपनीचें यंत्र प्लास्टिकचें होतें, तें हातांत घेतांच तडकलें. या घडणीचा हा प्रसिद्ध दोषच आहे. त्याच्या जागीं शिमानोचें सर्वांत साधें यंत्र, चाकाच्या आंसावर अडकणाऱ्या पट्टीसह, बसविलें. हँडलाखालील जुनी कळ मात्र तीच राहिली. आजच्या कळा ठराविक अंतरावर "कट्" करून थांबतात व त्यांस जुळणारेंच यंत्र लागतें. जुनी कळ नुसत्या घर्षणावर चालते, तिला किती चक्रें आहेत व यंत्र कोणाचें आहे याच्याशीं कर्तव्य नाहीं. गति बदलतांना कान उघडे ठेवावे लागतात, इतकेंच. हँडलाचा दांडा आंतून गंजून गेला होता. नवा दांडा २२.२ मिलिमीटरांचा, फ्रेंच नळी २२ ची. यावेळीं आम्ही जोर केला नाहीं. दोन दुपारीं बसून बारीक पॉलिश-कागदानें, मधूनमधून व्हर्नियरनें मोजीत, दोन दशांश मिलिमीटर सर्व बाजूंनीं सारखे उतरविले.

मोजण्याचें साधन महाग नाहीं. शाळेच्या प्रयोगशाळेंतील व्हर्नियर कॅलिपर पुरतो. पिच मोजण्याची पट्टी नसली तर स्क्रूवर कोरा कागद दाबून आट्यांचे ठसे उमटवावे आणि पहिल्या ठशापासून अकराव्यापर्यंतचें अंतर मोजावें. तें १० मिलिमीटर भरलें तर फ्रेंच, १०.६ च्या जवळ भरलें तर इंग्रजी. हें मोजण्यास आम्हांस आतां दोन मिनिटें लागतात.

सायकल पूर्ण झाली ती जानेवारीच्या अखेरीस. त्या रविवारीं सकाळीं नात तिच्यावर बसून फाटकांतून आंत आली, अंगणांतून तुळशीला वळसा घालून पुन्हा बाहेर गेली आणि बराच वेळ परतली नाहीं. मामा फाटकाशीं उभे होते. "तिसऱ्यावरून चौथ्यावर जातांना साखळी अजून अडखळते," असें ते म्हणाले. त्यांनीं तें आवाजावरून ओळखलें होतें. तें खरें आहे, आणि पुढील सुटींत तें यंत्र आम्ही पुन्हा लावून पाहणार आहों.

काढलेले सर्व जुने भाग एका पत्र्याच्या डब्यांत तेल लावून ठेवले आहेत. तो नवा कप आणि नळीच्या आट्यांची ती कुरळी तार आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटांत, व्हर्नियरच्या शेजारीं आहे. ज्या विद्यार्थ्यांस आटे मोजून पाहावयाचे असतील त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें.